परक्या शहरातला वसंत: तुमच्या गावी काय फुललंय?

रेवती_धरमपेठ | २८ मार्च, रात्री ९.५०

मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेत कोणी असलं की घरून एकच प्रश्न येतो, "चेरी ब्लॉसम बघितला का?" बघितला म्हटलं की विषय संपला. मला हे पटत नाही. परक्या गावातला वसंत एका रविवारी गर्दीत जाऊन उरकायचा नसतो. रोज पायी हिंडावं, तीच ती झाडं पुन्हा पुन्हा बघावी, तेव्हा तो कळायला लागतो. म्हणून हा धागा काढते आहे.

मी नागपूरच्या धरमपेठेतली. सध्या लेकीकडे आर्लिंग्टनला आहे, वॉशिंग्टनहून नदी ओलांडली की लगेच. लेक-जावई कामाला लागले, नात शाळेत गेली की मी बाहेर पडते. फेब्रुवारीअखेर आले तेव्हा झाडांच्या नुसत्या काड्या होत्या. मग जमिनीतून क्रोकस वर आले, बोटभर उंचीचे, जांभळे-पिवळे. त्यांच्यामागून डॅफोडिल. मग फोर्सिथिया, अंगावर पान एक नाही आणि अख्खं झुडूप पिवळंजर्द. स्मिथसोनियनच्या जुन्या लाल इमारतीमागच्या बागेत मॅग्नोलिया फुलले, आणि आता वॉशिंग्टनच्या टायडल बेसिन तळ्याभोवतीची योशिनो चेरी. ती सुंदर आहेच, त्याबद्दल वादच नाही. पण मला सगळ्यांत जास्त आवडला तो आमच्या गल्लीतला रेडबड.

रेडबड जवळून बघा. काळपट खोडावर, थेट सालीतून, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गर्द गुलाबी कळ्यांचे झुबके फुटतात. कोवळ्या डहाळ्यांना येतात तसे जुन्या बुंध्यालाही! खाली पडलेलं एक फूल उचलून बघितलं, तर ठेवण वाटाण्याच्या फुलाची. पानं अजून यायचीत, ती बदामी आकाराची असतात म्हणे. नातीच्या टॅबवर माहिती काढली तर हे झाड आपल्या कांचन आणि आपट्याच्या जवळच्या नात्यातलं निघालं. दसऱ्याला ज्याची पानं वाटतो त्याचं भावकीतलं झाड व्हर्जिनियात दारासमोर उभं! महालातल्या बहिणीला लगेच फोन लावला.

तर सांगा. तुम्ही ज्या गावी आहात किंवा होतात, तिथे वसंत कोणत्या क्रमाने येतो? गर्दी सोडून काय बघावं? आणि घरचा पळस चुकतो, त्याचं काय करता?

---

पोट्टा_सक्करदऱ्याचा | २८ मार्च, रात्री १०.०५

काकू, तुम्ही तिकडे स्वेटर घालून फुलं पाहून राहिल्या अन् इकडे आम्ही कूलरच्या टट्ट्या बदलून राहिलो. पळस संपत आला. पण परवा उमरेड रोडनं गेलो होतो, दोन-तीन झाडं अजून पेटून होती. फोटो टाकू का?

---

रेवती_धरमपेठ | २८ मार्च, रात्री १०.०८

टाक रे बाबा, विचारतोस काय!

---

मिहान_ते_म्युनिक | २९ मार्च, पहाटे १.३०

छान विषय. पण नवीन येणाऱ्यांना आधी ॲलर्जीचं सांगतो. माझं पहिलं वर्ष मजेत गेलं, दुसऱ्या वर्षीही काही नाही. त्यानंतर मात्र एप्रिल आला की डोळे लाल आणि शिंकांवर शिंका. बऱ्याच जणांचं असंच होतं, नव्या देशातल्या परागांना शरीर काही वर्षांनी चिडायला लागतं.

आणि दोष दिसायला सुंदर फुलांचा नसतो. ट्युलिप, चेरी, मॅग्नोलिया यांचे पराग जड आणि चिकट, ते कीटकांच्या अंगाला लागून जातात. त्रास देतात ती वाऱ्यावर पराग सोडणारी झाडं, ज्यांच्या फुलांकडे कोणी बघतही नाही. इथे जानेवारी-फेब्रुवारीपासून हेझल आणि आल्डर, एप्रिलमध्ये बर्च. रेवतीताई, तुमच्या भागात ओकचा त्रास जास्त असेल. गाडीच्या काचेवर पिवळी भुकटी दिसायला लागली की समजायचं. बाहेरून आलं की कपडे बदलायचे, झोपण्याआधी केस धुवायचे, आणि त्रास होतच असेल तर मोसम सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांशी बोलायचं.

फुलं बघणं मात्र सोडू नका. मी गोळी घेऊन जातो.

---

अंबाझरी_सकाळ | २९ मार्च, सकाळी ६.४०

रेवतीताई, फोर्सिथियाला पान नाही हे तुम्ही बरोबर टिपलंत. पळसाचंही तेच, काटेसावरीचंही तेच. कारणं मात्र वेगळी आहेत. आपल्याकडे पानगळ होते ती कोरड्यामुळे. पाऊस संपून महिने लोटलेले असतात, पानांतून पाणी उडून जायला नको म्हणून झाड ती टाकून देतं आणि उघड्या फांद्यांवर फुलतं. पळसाचा भडक केशरी रंग पक्ष्यांसाठी. सकाळी सेमिनरी हिल्सला जाऊन पळसाखाली थांबा, साळुंक्या आणि शिंजिर नुसता धिंगाणा घालतात.

तिकडची पानगळ थंडीची. चेरीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन झोपी गेलेल्या असतात. पुरेशी थंडी अंगावरून गेली की त्यांची झोप पुरी होते, आणि मग ऊब आली की उमलतात. नुसती ऊब देऊन चालत नाही, आधी थंडी हवीच.

---

संत्रावाला_काटोल | २९ मार्च, सकाळी ७.१५

अंबाझरीवाले काका, आम्ही हेच हातानं करतो. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडतो, झाड ताणावर सोडतो. पानं मलूल पडतात. नवीन माणूस पाहिला तर म्हणते झाड गेलं. मग जानेवारीत खत-पाणी दिलं की नवती अन् फूल सोबतच निघते. ताण नीट बसला नाही तर फूल कमी अन् पाला जास्त. तिकडे थंडी जे काम करते ते इकडे आम्ही पाणी बंद करून करतो.

अन् रेवतीताई, तुम्ही फेब्रुवारीत निघाल्या म्हणता. विमानतळावर जायच्या ऐवजी अगोदर काटोलच्या बाजूनं एक चक्कर मारायची होती. रात्री गाडीच्या काचा खाली केल्या का वास सरळ आत येते. पांढरं, पाच पाकळ्यांचं, बोटाच्या पेराएवढं फूल, पण शिवारभर घमघमाट. मधमाश्यांच्या आवाजानं बागेत बोलणं ऐकू येत नाही.

---

नाना_महाल | २९ मार्च, सकाळी ९.००

मला या धाग्याचा सूर पटला नाही, स्पष्ट सांगतो.

आमचा मुलगा टोरोंटोला आहे, आम्ही दोघं तिकडे जाऊन आलो आहोत. फुलं पुष्कळ, रंग पुष्कळ. पण वास कुठे आहे? चेरीला नाक लावलं तरी काही कळत नाही. आणि सगळं लांबून बघायचं. हात लावू नका, तोडू नका, गवतावर चालू नका. आपल्याकडे फूल घरात येतं. सकाळी परडी घेऊन अंगणात जायचं, जास्वंद गणपतीला, पांढरी कण्हेर महादेवाला. संध्याकाळी मोगऱ्याचा गजरा. पळसाची फुलं रात्रभर भिजवून होळीचा रंग. मोहाची फुलं पहाटे गळतात ती वेचून लोक वर्षाची बेगमी करतात. चैत्रगौरीच्या आरासीत फुलं, पाडव्याला कडुनिंबाचा फुलोरा गूळ घालून. फूल हे जगण्यात असतं, प्रदर्शनात नाही. तिकडे फोटो काढणारे हजार आणि एकाच्याही हातात फूल नाही. मला त्यात मन रमत नाही.

---

कॅमेलिया_पोर्टलंड | २९ मार्च, सकाळी १०.२०

नाना, तुमच्या पोस्टवर आमच्या आजीचं उत्तर आहे. माझ्या सासूबाईंच्या आई इथे आल्या होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, देवाला फूल पाहिजे. फेब्रुवारी महिना, आमच्याकडे कुंडीत रोझमेरी सोडून काही नाही. शेजारणीच्या अंगणात कॅमेलियाचं झाड भरून फुललेलं. आजींना इंग्रजी येत नाही. त्या नातवाला घेऊन गेल्या, हात जोडले, झाडाकडे बोट केलं, मग आकाशाकडे केलं. शेजारीण पंचाहत्तरीची. तिनं स्वतः कात्री आणून दोन फुलं देठासकट कापून दिली. नंतर आजी राहिल्या तितके दिवस रोज सकाळी आमच्या पायरीवर वाटीत दोन फुलं ठेवलेली असायची. आजींनी तिला नारळाच्या वड्या पाठवल्या.

सार्वजनिक झाडाचं तोडू नये हे खरंच, सगळ्यांनी एकेक तोडलं तर दुपारपर्यंत झाड रिकामं होईल. पण ज्याचं झाड त्याला विचारलं तर लोक आनंदानं देतात.

---

योकोहामाकर | २९ मार्च, सकाळी १०.४५

नाना, जपानला या. इथे साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, नुसता बघून कोणी घरी जात नाही. झाडाखाली निळी ताडपत्री अंथरून अख्खं ऑफिस जेवायला बसतं. जागा धरायला ज्युनियर माणसाला सकाळीच पाठवतात, ते काम पहिल्या वर्षी माझ्याकडे होतं. मिठात मुरवलेल्या चेरीच्या पानात गुंडाळलेली गोड मोची खातात, त्या पानाला वास असतो बरं का, आणि छान असतो.

वेळेचं इथलं शास्त्रही ऐका. हवामान खात्याची प्रत्येक शहरात ठरलेली झाडं आहेत. टोकियोचं यासुकुनी देवळाच्या आवारात आहे. त्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की शहरात साकुरा सुरू झाल्याची घोषणा, आणि ८० टक्के उमलली की पूर्ण बहर. एका झाडावरून शहराचं ठरवता येतं, कारण सोमेई-योशिनो जातीची सगळी झाडं कलमं करून वाढवलेली आहेत, मुळात एकाच झाडाची. एका भागात ती बरोबरच उमलतात.

क्योतोच्या बहराच्या नोंदी बाराशे वर्षांच्या सापडतात, दरबारी रोजनिश्यांमधून. २०२१ मध्ये तिथे २६ मार्चला पूर्ण बहर आला, तोवरच्या इतक्या वर्षांत एवढ्या लवकर कधीच आला नव्हता. ते वाचलं आणि मला धसका बसला.

---

पोटोमॅकपार | २९ मार्च, सकाळी ११.१०

वॉशिंग्टनलाही तेच. इथे ७० टक्के योशिनो उमलली की 'पीक ब्लूम' म्हणतात. आजवरचा सगळ्यांत लवकरचा १५ मार्च, १९९० सालचा. सगळ्यांत उशिराचा १८ एप्रिल, १९५८ सालचा. म्हणून तिकीट काढताना नेमका एक आठवडा धरून येऊ नका, निदान तीन आठवडे हाताशी ठेवा.

या झाडांची गोष्ट मला फार आवडते. १९१० साली टोकियोहून २,००० झाडं भेट आली, त्यांना कीड निघाली आणि सगळी जाळावी लागली. एवढं झाल्यावर दोन्हीकडचे लोक नाराज होऊन गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण टोकियोच्या महापौरांनी, युकिओ ओझाकींनी, पुन्हा तीन हजारांवर झाडं पाठवली आणि १९१२ च्या मार्चमध्ये ती लागली.

तळ्याच्या कडेचा बांध खचत गेलाय, भरतीचं पाणी वर येऊन मुळांत साचतं. त्यासाठी २०२४ मध्ये काम काढलं, बरीच झाडं काढावी लागली. त्यात बुंधा पोकळ झालेलं, दोन-चार फांद्यांवर तग धरून असलेलं एक झाड होतं, लोक त्याला स्टम्पी म्हणत. ते जायच्या आधी त्याच्या फांद्या नॅशनल अर्बोरेटम या वृक्षोद्यानात नेऊन त्यांची रोपं केली. मी त्या शेवटच्या वर्षी मुलांना घेऊन गेलो होतो. लोक झाडाच्या पायथ्याशी फुलं आणि चिठ्ठ्या ठेवत होते. नाना, त्या लोकांच्या मनात झाड होतं, फक्त फोनमध्ये नव्हतं.

---

पोट्टा_सक्करदऱ्याचा | २९ मार्च, दुपारी १२.००

हे घ्या फोटो. उमरेड रोड, सकाळी साडेसात. खाली म्हशी बसल्या आहेत, त्याईलाही पाहून घ्या.

एक प्रश्न. आपल्या सेमिनरी हिल्सच्या जपानी गार्डनमध्ये खरा चेरी ब्लॉसम लावता येईन का?

---

अंबाझरी_सकाळ | २९ मार्च, दुपारी १२.३०

फोटो फार सुंदर आलाय.

योशिनो नागपूरला रुजला तरी फुलेल असं वाटत नाही. आपल्याकडे थंडीच्या चार रात्री कडक असतात, पण सलग काही आठवडे लागतात तशी थंडी कुठे आहे? भारतात चेरी बघायची तर शिलाँगला जा. ती हिमालयातली रानचेरी, आणि ती शरद ऋतूत, नोव्हेंबरच्या सुमारास फुलते. ट्युलिप बघायचे तर श्रीनगर. जबरवान डोंगराच्या पायथ्याची बाग २००७ ला सुरू झाली, मार्चअखेर-एप्रिल हा तिचा काळ.

---

कावेरी_लायडन | २९ मार्च, दुपारी ३.१५

ट्युलिपचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी मूळची वर्ध्याची, नागपुरात शिकले, आता लायडनला.

नेदरलँड्सला येणाऱ्यांना सांगते, क्युकेनहॉफ जरूर बघा. लिसे गावाजवळ ३२ हेक्टरची बाग, वर्षातून आठेक आठवडेच उघडी असते, दर शरदात सुमारे ७० लाख कंद हातानं लावतात. पण ती बाग आहे, शेत नव्हे. शेतं बघायला सायकल काढा. लायडनहून हारलेमच्या दिशेनं एप्रिलच्या मध्यात निघालात की दोन्हीकडे लाल, पिवळे, जांभळे पट्टे. डोळ्यांत मावत नाहीत.

आणि तिथे एक गोष्ट बघून मी पहिल्यांदा अक्षरशः ओरडले होते. शेत भर फुलात असताना शेतकरी यंत्र घेऊन येतो आणि सगळ्या फुलांची मुंडकी उडवतो! फुलांचे ढीग बांधावर पडलेले. त्याला फूल विकायचंच नसतं, कंद विकायचा असतो. फूल राहिलं तर झाड बी धरण्यात ताकद घालवतं, फूल काढलं की ती ताकद खाली कंदात जाते. काटोलच्या दादांना हे लगेच समजेल. फोटोसाठी शेतात मात्र शिरू नका, कंद तुडवले जातात आणि रोग एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. ती कोणाची तरी वर्षभराची कमाई असते.

आणि ट्युलिप तरी कुठे डच? मध्य आशियातल्या डोंगरातलं रानफूल, तुर्कस्तानच्या सुलतानांच्या बागांतून इकडे आलं. १५९० च्या दशकात क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं ते आमच्या लायडनच्या विद्यापीठाच्या बागेत लावलं. ती बाग अजून आहे, मी दर रविवारी जाते.

---

संत्रावाला_काटोल | २९ मार्च, दुपारी ४.००

समजलं ताई. आम्हीही लहान कलमावरचं पहिलं फूल तोडून टाकतो. जीवावर येते, पण झाड बनवायचं असते.

---

नाना_महाल | २९ मार्च, सायंकाळी ५.३०

पोर्टलंडच्या आजींची गोष्ट घरी वाचून दाखवली. आमच्या मंडळींना फार आवडली.

पण वासाचं कोणी उत्तर दिलं नाही.

---

मेडोज_एडिंबरा | २९ मार्च, सायंकाळी ६.१०

नाना, वासाचं मी देतो. हायसिंथची एक कुंडी खोलीत ठेवा, रात्री बाहेर काढावी लागेल इतका वास. मे महिन्यात लायलॅक फुलला की गल्लीच्या तोंडाशी कळतं. डॅफ्नेचं झुडूप गुडघ्याएवढं, ते ऐन थंडीत फुलतं आणि दिसायच्या आधी वासावरून सापडतं. चेरीलाच तेवढा वास कमी, बाकीच्यांवर अन्याय नको.

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे. मी इथे शिकायला आलो तो सप्टेंबरात. डिसेंबरात दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो. नागपूरच्या पोरानं असा अंधार कधी बघितलेला नसतो. लेक्चरला अंधारात जायचं, अंधारात परत यायचं. जानेवारीत मी जेवण करणं सोडलं होतं, ब्रेड खाऊन झोपायचो. घरी फोनवर सगळं ठीक आहे सांगायचो. फेब्रुवारीत ग्रंथालयाच्या वाटेवर भिंतीच्या कडेला ओल्या मातीतून पांढरे स्नोड्रॉप आलेले दिसले. मान खाली घातलेलं एवढंसं फूल, तीन पाकळ्या बाहेर, आत हिरवा ठिपका. मी थांबून बघत बसलो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दिवसाउजेडी निघालो ते बघायला. मग रोजच. मार्चमध्ये मेडोजच्या हिरवळीवर क्रोकस, एप्रिलअखेर तिथल्याच रस्त्यांवर दोन्हीकडून गुलाबी कान्झान चेरी. तोवर मी भाजी-पोळी करायला लागलो होतो.

म्हणून रेवतीकाकू, तुमचं रोज जाऊन बघण्याचं मला शंभर टक्के पटतं. जे पोरं-पोरी पहिल्यांदा थंड देशात आहेत, त्यांनी घरातून निघा, रोज एक झाड ठरवून बघा. आणि फारच जड होत असेल तर विद्यापीठात समुपदेशक असतात, त्यांच्याशी बोला. मी बोललो होतो.

---

रेवती_धरमपेठ | २९ मार्च, सायंकाळी ७.००

मेडोज, बाळा, तू हे लिहिलंस ते फार बरं केलंस. आता व्यवस्थित जेवतोस ना?

---

मेडोज_एडिंबरा | २९ मार्च, सायंकाळी ७.०४

हो काकू. काल सांबारवडी केली. तळताना फुटल्या नाहीत.

---

पोट्टा_सक्करदऱ्याचा | २९ मार्च, सायंकाळी ७.०६

सांबारवडीचा फोटो कुठे आहे भाऊ? फुलाचे पाहून पोट भरत नाही.

---

कॅमेलिया_पोर्टलंड | २९ मार्च, सायंकाळी ७.३०

खाण्यावर आलोच आहोत तर एक महत्त्वाचं. डॅफोडिलची पात आणि कंद विषारी आहेत. फूल आलेलं नसताना पात हुबेहूब लसणाच्या किंवा चिनी कांद्याच्या पातीसारखी दिसते, मिटलेल्या कळ्यांच्या जुड्याही तशाच. ब्रिटनमध्ये २०१५ साली सरकारी आरोग्य खात्यानं सुपरमार्केटवाल्यांना कळवलं होतं की डॅफोडिलच्या जुड्या भाजीच्या शेजारी ठेवू नका. घरी आई-सासूबाई आल्या असतील तर अंगणातली पात चिरायच्या आधी नक्की दाखवा. ओकाऱ्या, पोटदुखी, सगळं होतं.

रेडबडची फुलं मात्र खातात. इथे सॅलडवर टाकतात, चव किंचित आंबट. आमच्या नागपूरच्या शेजारी जबलपूरच्या मावशी कचनारच्या कळ्यांची भाजी करायच्या, त्याच कुळातलं म्हटल्यावर नवल नाही.

---

जॅकरांडा_सिडनी | ३० मार्च, पहाटे ४.३०

आमच्याकडे आत्ता पानगळ सुरू होतेय, त्यामुळे मी सगळ्यांचे फोटो बघून घेतो. इथला वसंत सप्टेंबरपासून. ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरात किरिबिलीच्या गल्ल्या जॅकरांडानं जांभळ्या होतात. दिवाळीच्या सुमारास कंदील लावायचा आणि खाली जांभळा सडा, हे माझं इथलं आवडतं दृश्य.

नानांसाठी एक. जॅकरांडा दक्षिण अमेरिकेतला, ऑस्ट्रेलियाचा नव्हे. आपला गुलमोहर मादागास्करचा. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. देवळाच्या आवारातला चाफाही अमेरिका खंडातल्या उष्ण भागातून आलेला. त्यांनी आपल्या अंगणात मूळ धरलं आणि आपण त्यांना घरचं म्हटलं. मग आपण परक्या अंगणात गेलो तर तिथल्या झाडाला घरचं म्हणायला काय हरकत आहे?

---

नाना_महाल | ३० मार्च, सकाळी ८.४५

चाफा बाहेरचा, हे मनाला लागलं. पण खरं असेल तर खरं.

माझा मुद्दा मी सोडत नाही. फूल घरात आलं पाहिजे. एप्रिलच्या शेवटी टोरोंटोला जायचं ठरलंय. तिथे काय बघू ते सांगा. वासाचंही सांगा.

---

पोटोमॅकपार | ३० मार्च, सकाळी ९.३०

नाना, तुमची वेळ उत्तम आहे. टोरोंटोच्या हाय पार्कमध्ये साकुरा एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला फुलतो. ती झाडंही टोकियोच्या लोकांनी दिलेली, १९५९ सालची. मुलाला सुट्टी असेल तर मे महिन्यात ओटावा गाठा. दुसऱ्या महायुद्धात डच राजकन्या तिथे आश्रयाला होती, तिची मुलगी तिथेच जन्मली. त्याबद्दल कृतज्ञता म्हणून १९४५ मध्ये नेदरलँड्सहून १,००,००० कंद आले, आणि आजही दरवर्षी येतात. लायलॅक मेच्या उत्तरार्धात. आणि फूल घरात हवं तर शनिवारच्या शेतकरी बाजारात जुड्या मिळतात, देवाला ताजी फुलं.

आता रेवतीताईंचा मूळ प्रश्न, गर्दी सोडून काय बघावं. माझा क्रम असा. येत्या आठवड्यात टायडल बेसिनला पुन्हा जायचंच असेल तर सूर्योदयाला जा, दहा वाजल्यानंतर नको. एप्रिलच्या मध्यात बुल रन पार्कमधले व्हर्जिनिया ब्लूबेल, नदीकाठच्या जंगलात जमीनभर निळी. झाडांना पानं फुटून सावली पडायच्या आत त्यांना फुलून, बी धरून, सगळं आटपायचं असतं. मेअखेर त्या जागी काही दिसतही नाही. त्याच सुमारास सगळीकडे डॉगवुड, हे व्हर्जिनियाचं राज्यफूल. जवळून बघा, चार पांढऱ्या पाकळ्या वाटतात त्या पाकळ्या नाहीतच, बोगनवेलीच्या कागदी पानांसारखी ती रंगीत पानं. खरी फुलं मधल्या हिरवट गुच्छात. कान्झान चेरी योशिनोनंतर साधारण दोन आठवड्यांनी, दाट गुलाबी, आणि तिला गर्दी कमी.

एप्रिलच्या उत्तरार्धात नॅशनल अर्बोरेटम सोडू नका. डोंगराचा अख्खा उतार अझेलियांनी भरतो, प्रवेश मोफत आहे. तिथेच बोन्सायच्या संग्रहात एक पांढरा पाइन आहे, १६२५ पासून कुंडीत वाढवलेला. १९४५ मध्ये हिरोशिमात बॉम्ब पडला तेव्हा तो तिथे एका घराच्या आवारात होता, वाचला. १९७६ मध्ये त्या कुटुंबानं तो अमेरिकेला दिला.

---

रेवती_धरमपेठ | ३० मार्च, सकाळी १०.१५

पोटोमॅकपार, तुमची यादी वहीत उतरवून घेतली. ब्लूबेलला लेक गाडीनं नेते म्हणाली. अर्बोरेटमला मेट्रो जवळून नाही असं दिसतंय, बस कुठून मिळते?

पळसाचं मी स्वतःच विचारलं होतं, त्यावर कोणी थेट लिहिलं नाही, तरी पोट्ट्याच्या फोटोनं माझं काम झालं. तो फोटो मी नातीला दाखवला, शेजारच्या बाईंनाही दाखवला. त्यांनी मला मॅग्नोलियाचं नाव शिकवलं होतं, मी त्यांना पळस शिकवला. त्या आता नीट "पलस" म्हणतात.

नाना, टोरोंटोहून फोटो टाका. वहिनींनाही सांगा.

---

पोटोमॅकपार | ३० मार्च, सकाळी १०.४०

बसच्या भानगडीत पडू नका ताई, एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आम्ही जाणारच आहोत. वाटेत आर्लिंग्टनहून तुम्हाला घेतो. आर स्ट्रीटच्या फाटकातून आत शिरू, तिथून अझेलियाचा उतार जवळ पडतो. पत्ता मेसेजमध्ये पाठवा. नातीला आणा, आमच्या मुली तिच्याच वयाच्या आहेत.

---

पोट्टा_सक्करदऱ्याचा | ३० मार्च, सकाळी १०.५०

काकू, सिव्हिल लाइन्समध्ये बहावा अजून कळीवर आहे. फुलला का इथेच टाकतो फोटो, धागा बंद नका करू.